बेवडाचा हिशेब कोण ठेवणार?

ज्या रानात यंदा मूग किंवा हरभरा होता, त्या रानात पुढच्या हंगामाची ज्वारी अगर गहू अधिक जोमाने येतो, ही गोष्ट महाराष्ट्रातील शेतकऱ्याला कोणत्याही पुस्तकाने शिकविलेली नाही. ‘बेवड चांगला आहे’ एवढे तीन शब्द उच्चारून तो पिढ्यान्‌पिढ्यांचा हा अनुभव सांगून मोकळा होतो. ज्वारीत वा कपाशीत तुरीच्या ओळी टाकण्याची, रब्बीत जमीन हरभऱ्याखाली घालण्याची जी रीत आपल्याकडे चालत आली, तिच्यामागे हाच अनुभव उभा आहे. वाट्याने जमीन करावयास घेणारा माणूस आधी तीत कोणते पीक होते हे विचारून घेतो. कारण बेवड ही जमिनीबरोबर हाती येणारी, परंतु कोणत्याही कागदावर न लिहिलेली मिळकत आहे, हे तो जाणतो.

देशाच्या शेतीच्या जमाखर्चात मात्र या मिळकतीचे खाते नाही. युरियाच्या गोणीवर किंमत छापलेली असते. तिच्यावरील अनुदानाचा आकडा दरवर्षी अर्थसंकल्पात येतो आणि त्यावर वादही झडतात. बेवडाला ना किंमत, ना अनुदान, ना चर्चा. जी संपत्ती हिशेबात धरलेलीच नाही, तिची घट झाली तरी ती तोट्याच्या बाजूला दिसत नाही. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र स्थिर करणारे जिवाणू, आणि विशेषतः त्या जिवाणूंमधील आनुवंशिक विविधता, ही अशीच बिनहिशेबी संपत्ती आहे. ती गावागावांत, किंबहुना शेताशेतांत निराळी आहे. आणि खतांविषयीचे धोरण मात्र साऱ्या देशाला एकच गोणी व एकच पाकीट पुरेल, अशा समजुतीवर चाललेले आहे. या विसंगतीची किंमत अखेर कोण मोजतो, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

गाठींचे रहस्य

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्राचा आहे. तरीही पीक नत्रावाचून पिवळे पडते. कारण नत्राच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की, कोणत्याही वनस्पतीला ती जोडी स्वतःच्या बळावर फोडता येत नाही. खतकारखान्यांत हाबर-बॉश पद्धतीने ती फोडली जाते. पण त्यासाठी चारशे ते पाचशे अंश सेल्सिअस उष्णता आणि वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. तूर, हरभरा, भुईमूग, सोयाबीन यांच्या मुळांवरील मुगाच्या दाण्याएवढ्या गाठींत हेच काम जिवाणू मातीच्या साध्या उष्णतेत करीत असतात.

जर्मनीत हेलरीगेल व विल्फार्त यांनी १८८६ मध्ये या गाठींचा आणि हवेतील नत्राचा संबंध सिद्ध केला. दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, हॉलंडमधील बायरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. १८९६ मध्ये नोब्बे व हिल्टनर यांनी त्याचे ‘नायट्रॅजिन’ नावाने व्यापारी उत्पादनही सुरू केले. भारतात या विषयावरील अगदी आरंभीच्या अभ्यासांपैकी एक एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये केला. म्हणजे विद्या नवी नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ ती कृषिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे.

गाठ तयार होते ती दोन्ही पक्षांच्या संमतीने. मुळे मातीत विशिष्ट रसायने सोडतात. ती ओळखणारा जिवाणू उलट आपले रासायनिक उत्तर पाठवितो. दोहोंची खूण पटली तरच मुळावरील केस वाकतो, जिवाणूला आत वाट मिळते आणि गाठ धरते. त्यानंतर वनस्पती त्याला साखर पुरविते, तो तिला नत्र देतो. नत्र स्थिर करणारे विकर प्राणवायूने निकामी होते, म्हणून गाठीत प्राणवायूचा पुरवठा मोजका ठेवणारे, आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जातीचे एक द्रव्य असते. फुलोऱ्याच्या सुमारास हळुवार उपटलेल्या झाडाची गाठ नखाने फोडली आणि ती आतून गुलाबी निघाली, तर ती कामाची. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर झाड पाहुण्याला नुसतेच पोसत आहे असे समजावे.

नाव एक, घराणी अनेक

येथवरचा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, ‘रायझोबियम’ या एका नावाखाली जे वावरतात ते एका घराण्याचे नाहीत. एके काळी कोणता जिवाणू कोणत्या पिकावर गाठी धरतो यावरून त्यांचे गट पाडले जात. पुढे १९८२ मध्ये सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंसाठी ‘ब्रॅडिरायझोबियम’ हे स्वतंत्र कुळ मानण्यात आले. भुईमूग, चवळी आणि सोयाबीन यांचे सोबती मुख्यतः त्यातले. १९९७ मध्ये ‘मेसोरायझोबियम’ हे आणखी एक कुळ वेगळे झाले. हरभऱ्याचे सोबती त्यातले. प्रत्येक कुळात अनेक जाती, आणि प्रत्येक जातीत अगणित वंश. एकाच जातीचे दोन वंश एकाच पिकावर सारख्याच गाठी धरतील. पण एक भरपूर नत्र देईल आणि दुसरा जेमतेम. एक चुनखडीच्या काळ्या जमिनीत तग धरील, दुसरा आम्लधर्मी तांबड्या मातीत. एक उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीत जिवंत राहील, दुसरा मृगाचा पाऊस पडेपर्यंत नाहीसा झालेला असेल.

ही विविधता येते कोठून? सहजीवनाची कला ज्या जनुकांत साठविलेली असते, ती जनुके पुष्कळदा एका गठ्ठ्यात असतात आणि तो गठ्ठा एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. याचे प्रसिद्ध उदाहरण न्यूझीलंडमधील आहे. तेथे एका कुरणात लोटस नावाच्या चाऱ्याच्या शेंगवर्गीय वनस्पतीबरोबर एकच वंश मातीत सोडण्यात आला होता. सात वर्षांनी गाठी तपासल्या तेव्हा त्यांत निरनिराळे जिवाणू आढळले. ते मूळचे त्याच मातीतले, पूर्वी गाठी धरू न शकणारे. त्यांनी आगंतुकाकडून जनुकांचा तो गठ्ठा मिळविला होता. सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ ते १९९८ या काळात हे सिद्ध केले, आणि त्या गठ्ठ्याला ‘सहजीवनाचे बेट’ असे नाव पडले.

हरभऱ्याची कथाही अशीच आहे. भारत, इथिओपिया, तुर्कस्तान, ऑस्ट्रेलिया आदी देशांतील हरभऱ्याच्या गाठींचा जो व्यापक जनुकीय अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की, देशोदेशी निरनिराळ्या घराण्यांच्या स्थानिक जिवाणूंनी हीच कला आत्मसात केली आहे. पीक एक, पण प्रत्येक मातीने त्याला आपापला सोबती दिला.

सोयाबीनचा अनुभव तर महाराष्ट्राच्या अगदी निकटचा आहे. हे पीक आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आले ते १९६० नंतरच्या काळात, जबलपूर व पंतनगर येथील कृषी विद्यापीठांच्या प्रयत्नांतून. येथील बहुतेक जमिनींत त्याला योग्य जिवाणू पुरेसे नव्हते, म्हणून बियाण्याबरोबर जिवाणूही द्यावे लागले. पुढे देशाच्या निरनिराळ्या भागांतील सोयाबीनच्या गाठी तपासून २००८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ब्रॅडिरायझोबियमच्या युआनमिंगेन्स व लिआओनिंगेन्स या जाती आढळल्या. पाठ्यपुस्तकांत सोयाबीनचा सोबती म्हणून जिचे नाव सर्वत्र असते, ती जपोनिकम जात त्यांत प्रमुख नव्हती. याचा व्यावहारिक अर्थ लक्षात घेतला पाहिजे. महाराष्ट्रात आज पन्नास लाख हेक्टरांच्या आसपास क्षेत्र सोयाबीनखाली असते. त्या जमिनीखाली कोणत्या वंशाचा जिवाणू काम करीत आहे, आणि कोणता नुसताच बसून खात आहे, याचा तालुकावार हिशेब कोठेही मांडला जात नाही.

फुकट्यांचा प्रश्न

बसून खाणे हा शब्दप्रयोग केवळ गमतीचा नाही. जेथे सहकार्य आहे तेथे फुकट लाभ घेणाराही असतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. नत्र स्थिर करणे जिवाणूला महाग पडते. ते न करता गाठीत राहून साखर खाणाऱ्या वंशाची भरभराट व्हावी आणि प्रामाणिक वंश मागे पडावा, असेच वरवर पाहता वाटेल. तसे सर्रास होत नाही, याचे कारण वनस्पती हिशेबी आहे. कीर्स व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सोयाबीनवर केलेल्या प्रयोगात काही गाठींभोवती नत्राऐवजी आर्गॉन वायू असलेली हवा ठेवली. म्हणजे आतील जिवाणूंना काम करणेच अशक्य झाले. झाडाने त्या गाठींचा प्राणवायू कमी केला, आणि त्यांतील जिवाणूंची वाढ इतर गाठींच्या मानाने सुमारे निम्म्यावर आली. काम नाही तर दाम नाही, हा दंडक झाडाने आपल्यापुरता अमलात आणला होता.

मात्र हा दंडक केव्हा सैल पडतो, हे पाहिले म्हणजे धोरणाचा संबंध कळतो. मातीत आयते नत्र मुबलक असले की झाडाला सोबत्याची गरज उरत नाही. गाठी कमी धरतात आणि चांगल्यावाईटाची निवडही ढिली होते. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील केलॉग संशोधन केंद्राच्या काही वाफ्यांना २२ वर्षे सतत नत्रखत दिले गेले होते. तेथील क्लोव्हरच्या, म्हणजे आपल्या बरसीमच्या कुळातील चाऱ्याच्या, गाठींतील जिवाणू २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी तपासण्यात आले. खत दिलेल्या वाफ्यांतील वंश दिलेल्या झाडांची वाढ, खत न दिलेल्या वाफ्यांतील वंश दिलेल्या झाडांपेक्षा १७ ते ३० टक्क्यांनी कमी भरली. आयत्या नत्राने तेथील जिवाणूंचा स्वभावच बदलला होता.

याच संशोधकांच्या परंपरेतील दुसरा निष्कर्ष पीक-पैदाशीविषयी आहे. साठ वर्षांच्या काळातील सोयाबीनचे सहा वाण २००७ च्या एका अभ्यासात शेजारी शेजारी तपासले गेले. चांगले व निकामी वंश एकत्र असलेल्या मातीत जुन्या वाणांनी चांगल्यांची पारख अधिक नीट केली. नवे वाण त्यात उणे पडले. सुपीक, खत घातलेल्या प्रक्षेत्रांवर पैदास करताना पारख करण्याचा हा गुण नकळत गळून गेला असावा. अमेरिकेतील निष्कर्ष जसेच्या तसे मराठवाड्याला किंवा विदर्भाला लावणे शास्त्रीय होणार नाही, हे खरे. परंतु तसाच प्रयोग येथे करून पाहिल्याखेरीज, येथे तसे होत नाही, असे म्हणणेही तितकेच अशास्त्रीय ठरेल.

युरियाची स्वस्ताई

या पार्श्वभूमीवर युरियाच्या भावाकडे पाहावे. १९७७ मध्ये केंद्र सरकारने खतकारखान्यांसाठी धारणकिंमतीची योजना सुरू केली, तेव्हा देशाला धान्य हवे होते आणि धान्याला नत्र हवे होते. ते धोरण त्या काळी चुकीचे होते असे कोणी म्हणू नये. भाताने व गव्हाने कोट्यवधींच्या ताटात अन्न वाढले ते याच नत्राच्या बळावर. परंतु परिस्थिती बदलली तरी भाव बदलला नाही. २०१० मध्ये स्फुरद व पालाश यांच्या खतांसाठी अन्नद्रव्यांवर आधारलेले अनुदान आले, त्यातून युरिया वगळण्यात आला. ५० किलोची गोणी २६८ रुपयांना मिळत असे. २०१८ मध्ये ती ४५ किलोची झाली आणि कर वगळता तिची किंमत २४२ रुपये ठरली. गोणी लहान झाली, किलोचा दर जवळजवळ जागच्या जागी राहिला. प्रत्यक्ष खर्च याच्या कित्येक पट असून फरक सरकारी तिजोरी भरते.

स्वस्त युरियाचे दुष्परिणाम म्हणून जमिनीचा बिघडलेला समतोल, पाण्यातील नायट्रेट आणि तिजोरीवरील भार यांची चर्चा नेहमी होते. त्यात या एका तोट्याची भर घालावयास हवी. कडधान्याला पेरणीच्या वेळी हेक्टरी वीस-पंचवीस किलो नत्राची सुरुवातीची मात्रा शास्त्रसंमत आहे. पण गोणी इतकी स्वस्त असते तेव्हा हात तेवढ्यावर थांबत नाही. पान हिरवेगार झालेले डोळ्यांना दिसते, मुळावरची गाठ धरली नाही हे दिसत नाही. शेतकऱ्याचा यात दोष नाही. बाजार त्याला जो संकेत देतो, त्याप्रमाणे तो वागतो; संकेतच चुकीचा आहे.

पाकिटातील न दिसणारा माल

मग गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत मिळणारी जिवाणू खताची पाकिटे हा उपाय नव्हे काय? उपाय आहे, आणि स्वस्तही आहे. अडीचशे ग्रॅमचे पाकीट दहा-पंधरा किलो बियाण्याला पुरते. गुळाच्या थंड द्रावणात ते कालवून बियाण्याला चोळायचे, बी सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे, एवढाच खटाटोप. १९८३ मध्ये केंद्राने जिवाणू खतांचा राष्ट्रीय प्रकल्प गाझियाबाद येथे सुरू केला, आणि २००६ पासून ही खते खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. पावडरीच्या दर ग्रॅममध्ये किमान पाच कोटी आणि द्रवरूप खताच्या दर मिलिलिटरमध्ये किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत, असे बंधन आहे.

अडचण निराळीच आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, ज्या मालाचा दर्जा विकणाऱ्याला कळतो पण घेणाऱ्याला कळत नाही, त्या मालाच्या बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकून लावतो. या विचारासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जिवाणूचे पाकीट हे त्या सिद्धान्ताचे मोटारीहूनही नेमके उदाहरण आहे. मोटार निदान चालवून पाहता येते. पाकिटातील काळ्या भुकटीत जिवाणू जिवंत आहेत की मेलेले, हे शेतकऱ्याला दिसत नाही. पुष्कळदा दुकानदारालाही नाही. पत्र्याखालच्या गोदामात मे महिन्याच्या उन्हात राहिलेले पाकीट आणि सावलीत, थंडाव्यात जपलेले पाकीट यांचे बाह्यरूप सारखेच असते. बुरशीनाशक लावलेल्या बियाण्याला तेच पाकीट घाईने चोळले, तर उरलेसुरले जिवाणूही मरतात. पीक साधले नाही की, ‘हे काही खरे नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि पुढल्या वर्षी पाकीट घेतलेच जात नाही. मग प्रामाणिक उत्पादकाचाही माल खपत नाही.

त्यातही पाकिटातील जिवाणू जिवंत असले, तरी काम संपत नाही. मातीत आधीच असलेले स्थानिक वंश संख्येने जास्त असतात, मुळापर्यंत आधी पोचतात आणि गाठींच्या जागा अडवून बसतात. ते उत्तम असतील तर पाकिटाची गरजच नाही. ते निकामी असतील तर पाकिटातील पाहुण्याला त्यांच्याशी झुंजावे लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात बिसेरूला नावाचा चारा भूमध्य प्रदेशातून आणून निवडक जिवाणूंसह पेरला गेला. अवघ्या सहा वर्षांत तेथील मातीतल्या जिवाणूंनी त्यांच्याकडून गाठी धरण्याची जनुके उचलली. त्यांनी गाठी तर धरल्या, पण पुरेसे नत्र दिले नाही. म्हणूनच दूरच्या प्रयोगशाळेत निवडलेला एकच वंश साऱ्या राज्यात सारखे फळ देईल, ही अपेक्षा भाबडी आहे. ज्या मातीत काम करावयाचे, त्या मातीची माहिती आधी हवी.

ब्राझीलचा धडा

हे सारे करता येते, याचा दाखला ब्राझीलने दिला आहे. मूळच्या चेकोस्लोव्हाकियातील आणि पुढे ब्राझीलच्या झालेल्या योहाना डोबेरायनर यांनी १९६० नंतर असा आग्रह धरला की, सोयाबीनच्या वाणांची निवड नत्रखत न घालता, जिवाणूंच्या भरवशावरच व्हावी. आज जगातील सर्वांत मोठे सोयाबीन पीक तो देश जवळजवळ नत्रखताशिवाय काढतो. याच परंपरेतील मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले.

येथे एक आक्षेप घेता येईल. ब्राझीलमध्ये सोयाबीनसाठी मुख्यतः चारच वंश अधिकृत आहेत. मग विविधतेचे महत्त्व ते काय? पण हे चार आले कोठून, हे पाहिले म्हणजे आक्षेप उरत नाही. त्यांपैकी दोन वंश, परदेशातून आणलेल्या जिवाणूंनी सेराडोच्या आम्लधर्मी, उष्ण मातीत मुरल्यावर जी नवी रूपे घेतली, त्यांतून निवडलेले आहेत. चार निवडता आले, कारण निवडण्यासाठी पुष्कळ होते आणि ते त्याच मातीत शोधले गेले. शिवाय पाकिटाचे मानक तेथे दर ग्रॅमला किमान शंभर कोटी जिवाणूंचे आहे. म्हणजे आपल्या पावडरीच्या वीस पट. मातीत जिवाणू स्थिरावल्यावरही तेथील शेतकरी दरवर्षी बीजप्रक्रिया करतो आणि त्यातून सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास जादा पीक मिळवितो. नायजेरियात इबादान येथील संशोधन संस्थेने याच्या उलट वाट धरली: तेथील मातीतल्या जिवाणूंशी सहज जुळवून घेतील असे सोयाबीनचे वाणच तयार केले. वाटा दोन, पण दोहोंचा आरंभ स्थानिक मातीच्या ओळखीपासून झाला.

भारताचे सोयाबीन ब्राझीलच्या मानाने हेक्टरी फारच कमी का उतरते, याला पावसाची अनिश्चितता, हंगामाचा लहान काळ, हलक्या जमिनी अशी अनेक कारणे आहेत. सारा दोष गाठींवर टाकणे चुकीचे होईल. पण ज्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या अंगावर दुबार पेरणीचा खर्च पडतो, त्याच्यासाठी फुकट मिळणारे नत्र ही चैन नव्हे, आधार आहे. देशाला डाळींच्या आयातीवर विसंबावे लागते. २०२४-२५ मध्ये ही आयात सत्तर लाख टनांच्या वर गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने कडधान्यांच्या स्वयंपूर्णतेसाठी ११,४४० कोटी रुपयांची सहा वर्षांची मोहीम मंजूर केली. बियाणे, हमीभावाने खरेदी, प्रक्रिया यांवर अशा मोहिमांचा भर असतो आणि तो असावाच. त्यातील अल्पसा वाटा मुळांच्या गाठींकडे वळला, तरी त्याचे व्याज पुढील पिकालाही मिळेल.

काय करता येईल

पहिली गोष्ट म्हणजे नोंद. राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या कार्यक्षेत्रांत तूर, हरभरा, मूग, उडीद, भुईमूग व सोयाबीन यांच्या गाठींतील वंशांचा तालुकावार संग्रह व्हावा. उत्तर प्रदेशात मऊ येथे शेतीला उपयुक्त सूक्ष्मजीवांची राष्ट्रीय संस्था आहे, पुण्यातही सूक्ष्मजीवांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. म्हणजे जपणुकीची सोय नव्याने उभारावयाची नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पाकिटाचा दर्जा. त्यावर जिवाणूच्या वंशाचे नाव, तो कोणत्या मातीसाठी निवडला आहे, आणि भरल्याची तारीख ठळक असावी. दुकानांतून उचललेल्या नमुन्यांचे निकाल पेरणीपूर्वी तालुक्याच्या ठिकाणी जाहीर लागावेत. अकरलॉफने दाखविलेल्या दुखण्यावर माहिती उघड करणे हेच औषध आहे. तिसरी गोष्ट पैदाशीची. नव्या वाणाची शिफारस करण्यापूर्वी तो खत न घातलेल्या, नेहमीच्या जिवाणूंनी भरलेल्या मातीतही तपासला जावा. चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट युरियाच्या भावाची. तो एका रात्रीत वाढविणे लहान शेतकऱ्यावर अन्याय ठरेल. परंतु अनुदानाचा काही भाग गोणीऐवजी थेट शेतकऱ्याच्या हाती गेला, तर नत्र गोणीतून घ्यावे की गाठीतून, हे त्याला मोकळेपणाने ठरविता येईल.

हे काम बाजार आपणहून करणार नाही. ज्या जिवाणूचा लाभ शेजारच्या शेतालाही होतो आणि पुढच्या वर्षालाही पुरतो, त्यात पैसा गुंतविण्यास खाजगी कंपनी कचरते. सार्वजनिक संपत्तीचे हे जुनेच लक्षण आहे. म्हणून शासन आणि विद्यापीठे यांना ते अंगावर घ्यावे लागेल. तथापि सारेच शासनावर सोपविण्याचे कारण नाही. ग्रामीण भागातील प्रत्येक शाळेच्या व महाविद्यालयाच्या आसपास भाद्रपदात सोयाबीन आणि तूर उभी असते. विद्यार्थ्यांनी दहा शेतांतील दहा-दहा झाडे मालकाच्या संमतीने उपटावी, गाठी मोजाव्या, फोडून आतला रंग पाहावा आणि वहीत शेताचा गट क्रमांक, वाण व घातलेले खत यांच्यासह लिहून ठेवावे. यासाठी नख आणि वही यांपलीकडे कोणतेही साधन लागत नाही. अशा वह्या चार-पाच वर्षे साठत गेल्या, तर कोणत्या गावात पाकिटाची गरज आहे आणि कोणत्या गावात नाही, याचा पहिला ढोबळ नकाशा शिक्षक व विद्यार्थी यांच्याच हातून तयार होईल.

बेवड हा शब्द ज्या शेतकऱ्यांनी घडविला, त्यांना जिवाणू ठाऊक नव्हते. पण रान पुढच्या पिकाला काही देणे लागते आणि ते देते, एवढे त्यांनी ओळखले होते. आता त्या देण्यामागचे जिवाणू ओळखीचे झाले आहेत, त्यांची घराणी समजली आहेत, त्यांचे गुणदोष मोजता येतात. मोजता येत असूनही ज्याची नोंद ठेवली नाही, ते खाते बुडाल्याचे मात्र डाळीच्या भावातून आणि शेतकऱ्याच्या कर्जाच्या बोजातूनच कळेल. तोवर थांबण्यापेक्षा यंदाच्या खरिपात चार झाडे उपटून पाहणे पुष्कळ स्वस्त पडेल.